वाटीत उरलेला स्क्रू



घरातल्या दुरुस्तीच्या फजित्या हा आपल्याकडे हमखास हसण्याचा विषय. पंखा खोलला, पुसला, पुन्हा जोडला आणि वाटीत एक स्क्रू उरला. नळाचं वायसर बदलायला बसले, मेन कॉक बंद करायचाच राहिला आणि स्वयंपाकघराचं तळं झालं. मिक्सर बिघडला म्हणून निम्मा उघडून ठेवला आणि मग कुणीतरी सांगितलं की खालचं लाल बटण दाबलं असतं तर तो आपला आपण चालू झाला असता. शिवणयंत्राची सुई उलटी बसली आणि टाके सुटतात म्हणून दिवसभर मशीनला बोल. या चुका अडाणी माणसंच करतात असं मुळीच नाही. इंजिनिअर जावईही करतात, आणि माझं मत विचाराल तर जास्त करतात, कारण ते सोबतचं माहितीपत्रक वाचायला कमीपणा मानतात.

यातली सगळ्यांत नावाजलेली फजिती टेबलफॅनची. पुढची जाळी आपण काढतो. मग पात्याच्या मध्यावरची टोपी नेहमीसारखी डावीकडे फिरवायला जातो. ती काही केल्या हलत नाही. जोर लावला, पक्कड लावली की शेवटी टोपी तरी फुटते नाहीतर आटे तरी जातात. बहुतेक टेबलफॅनमध्ये त्या टोपीचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. पंखा फिरताना ती सैल होत जाऊ नये, उलट आवळली जावी म्हणून. सायकलचं डावं पायडलही असंच उलट्या आट्यांचं असतं. म्हणजे ज्याने पंखा बनवला त्याने एक मोठा धोका टाळला, पण घरी तो उघडणाऱ्यासाठी एक लहानसा खड्डा खणून ठेवला.

अशा साध्या चुकांचा कुणी गंभीरपणे विचार केला असेल असं वाटत नाही ना? पण केला आहे, आणि तो जपानमध्ये. शिगेओ शिंगो (१९०९–१९९०) नावाचे एक इंजिनिअर कारखान्यांतून सल्लागार म्हणून फिरत असत. १९६१ साली ते यामादा इलेक्ट्रिक नावाच्या कारखान्यात गेले. तिथे एक छोटं स्विच जोडलं जायचं. दोन बटणं, चालूचं आणि बंदचं, आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग. काम इतकं सोपं की लहान मुलानेही करावं. तरी अधूनमधून एखाद्या स्विचमध्ये स्प्रिंग घालायची राहूनच जायची. तक्रार आली की कामगारांना बोलणी बसायची. मग काही दिवस सगळे डोळ्यांत तेल घालून काम करायचे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शिंगोंनी कुणाला रागावायचं नाही असं ठरवलं आणि कामाची रीत पाहिली. समोर स्प्रिंगांनी भरलेला मोठा डबा. त्यातून एक घ्यायची, लावायची. दुसरी घ्यायची, लावायची. डब्यात शेकडो स्प्रिंगा असताना एक कमी गेली की जास्त, हे कळणार कसं? त्यांनी एक लहान ताटली ठेवायला लावली. आधी डब्यातून मोजून दोन स्प्रिंगा ताटलीत काढायच्या, मगच स्विच हातात घ्यायचं. जोडणी झाल्यावर ताटलीत एक उरली, तर चूक तिथल्या तिथे समोर. पैशांचा खर्च जवळजवळ शून्य, आणि ती तक्रार थांबली.

मी कॉमर्सवाली, त्यामुळे मला ही गोष्ट वाचताना लगेच तेरीज आठवली, म्हणजे ट्रायल बॅलन्स. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. पण पहिल्याच वर्षी शिकवतात की एखादा व्यवहार लिहायचाच राहून गेला, तर नावेची बाजूही कमी आणि जमेचीही कमी, त्यामुळे बेरजा खुशाल जुळतात. पूर्ण विसरलेली गोष्ट तेरजेला दिसत नाही. शिंगोंचंही म्हणणं तेच होतं. विसरणं एक, आणि आपण विसरलो आहोत हेच विसरणं वेगळं. दुसऱ्यावर निश्चयाचा उपाय चालत नाही. तिथे ताटलीच हवी.

आपल्याला ही ताटली अनोळखी नाही. साधूंच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहायचं, पिंछीने हळुवार झाडायचं आणि मग ठेवायचं. महाराजांनी कमंडलू खाली ठेवण्याआधी पिंछी फिरवलेली आपण लहानपणापासून पाहतो. तिथे जीव असेलच असं नाही, पण प्रत्येक वेळी ‘आज असेल का?’ असा विचार करत बसायचं नाही. हात आपोआप पिंछीकडे गेलाच पाहिजे. तत्त्वार्थसूत्रात बंधाच्या कारणांत प्रमादाचं नाव वेगळं घेतलं आहे, आणि हिंसेच्या व्याख्येतही प्रमाद आहेच. बेसावधपणा हा किरकोळ दोष नाही, असं आपल्या आचार्यांनी धरलं. आणि त्यावर उपाय म्हणून नुसता उपदेश न ठेवता पिंछी दिली, पाण्यासाठी गाळणं दिलं. पाणी गाळून घेणारी बाई रोज पाण्यात डोळे घालून जीव शोधत बसत नाही. गाळणं तिच्या वतीने रोज लक्ष ठेवतं.

आता त्या जपानी गोष्टीचा पुढचा भाग, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं. अशा युक्त्यांना तिथे आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख, योके म्हणजे टाळणं. मूर्खालाही चूक करता येणार नाही अशी सोय, असा त्याचा अर्थ. १९६३ साली अराकावा ऑटो बॉडी या कारखान्यात अशी एक सोय बसवली होती. तिथे उजव्या आणि डाव्या बाजूचे भाग दिसायला सारखे असल्याने अदलाबदल व्हायची. विभागप्रमुखाने कामगारांना समजावून सांगितलं की हे ‘बाका-योके’ बसवलं आहे, आणि तिथे काम करणारी एक मुलगी रडायला लागली. मी काय इतकी मूर्ख आहे का, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरच आली नाही. हे कळल्यावर शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका-योके’ म्हणायचं ठरवलं. पोका म्हणजे नजरचुकीने, बेसावधपणे झालेली चूक. युक्ती तीच, यंत्र तेच, फक्त बोट माणसावरून उचलून चुकीवर ठेवलं. आज जगभरच्या कारखान्यांत हाच शब्द चालतो. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत नोकरी करणारा कुणी घरात असेल तर विचारून पाहा, त्याला हा शब्द नक्की ठाऊक असेल. त्या मुलीचं रडणं मात्र कदाचित ठाऊक नसेल.

पाच समितींत भाषा समितीही आहे, हे मला इथे सांगावंसं वाटतं. आपल्या घरांत हे फार सरळ दिसतं. घरातल्या पुरुषाने पंखा जोडून स्क्रू उरवला तर तो चहाच्या वेळचा विनोद. नव्या सुनेने कुकरची रिंग नीट न बसवता झाकण लावलं आणि वाफ बाजूने निघाली, की मात्र ‘आईने काही शिकवलं नाही वाटतं’. चूक एकाच जातीची. एकाची पोका, दुसरीची बाका. दर संवत्सरीला आपण हात जोडून क्षमा मागतो. कुकरच्या रिंगेवरून बोललेलं त्या यादीत कितीजणींनी धरलं असेल, मला शंका आहे.

आणि कुणाला वाटेल की शिकलेली, अनुभवी माणसं असं करत नाहीत, तर १९९० सालची इंग्लंडमधली एक घटना सांगते. १० जूनला ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. तेराएक मिनिटांत ते सुमारे सतरा हजार फुटांवर पोहोचलं आणि कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली. आतल्या हवेच्या दाबाने कॅप्टन टिम लँकास्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. नायजेल ऑग्डेन या कर्मचाऱ्याने धावत येऊन त्यांना धरलं, मग दुसऱ्यांनी आळीपाळीने धरून ठेवलं, आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सत्त्याऐंशी माणसं होती, सगळी वाचली. कॅप्टनही वाचले, आणि काही महिन्यांत पुन्हा विमान चालवू लागले.

कारण काय निघालं? स्क्रू! एका दिवसापूर्वीच ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट जाडीला ०.६६ मिलिमीटरने कमी होते, आणि उरलेले सहा जाडीला बरोबर पण लांबीला आखूड. काम करणारा माणूस नवखा नव्हता, तो रात्रपाळीचा मुख्य होता. माणसं कमी म्हणून त्याने स्वतःच काम हातात घेतलं, पहाटे तीनच्या सुमारास. जुना बोल्ट घेऊन सामानाच्या खोलीत गेला. तिथल्या माणसाने या काचेला कोणत्या नंबरचे बोल्ट लागतात तेही सांगितलं. पण जुने निघाले तसेच घालू, असं त्याने ठरवलं. तेवढे तिथे नव्हते म्हणून दुसऱ्या जागी गेला. तिथे उजेड बेताचा होता, आणि त्याने जुना बोल्ट नव्याशेजारी धरून नजरेने जुळवला. बारीक अक्षर वाचायला त्याला चष्मा लागायचा, तो त्याने लावला नव्हता. (चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आपण सगळ्या इथे थोडं गप्प बसू या.)

जुनं वायसर हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात ‘असंच एक द्या’ म्हणतो, ते आणि हे एकच. गंमत अशी की जे बोल्ट काढले तेही बहुतेक चुकीच्या नंबरचे होते, लांबीला थोडे आखूड. पण चार वर्षं धकून गेले होते, म्हणून तेच बरोबर वाटले. पुढे स्क्रूड्रायव्हर ‘टक’ करून फिरला की बोल्ट आवळला असं समजायचं होतं; पण बारीक बोल्ट आट्यांतून निसटतानाही हाताला तसाच ‘टक’ लागत होता. आणि ते काम दुसऱ्या कुणी तपासावं असा नियम तेव्हा नव्हता. ज्याने केलं त्यानेच बरोबर असल्याची सही केली. हिशेब लिहिणाराच ऑडिटर, असं कुठल्या फर्ममध्ये चालेल?

या चौकशीतली एक गोष्ट मला स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना सांगाविशी वाटते. ती काच बाहेरून बसवलेली होती. आतला दाब तिला बाहेर ढकलत होता आणि अडवायला फक्त बोल्ट. तीच काच आतून बसवली असती तर दाबाने उलट घट्ट झाली असती. आपल्याकडे दोन तऱ्हेचे कुकर असतात ना, झाकण वरून फिरवून बसणारे आणि झाकण आत घालून तिरकं करून बसवायचे? दुसऱ्या तऱ्हेत आत वाफ आहे तोवर झाकण उघडतच नाही, वाफच ते वर दाबून धरते. घाई झालेली बाई ओढेल आणि ते हलणार नाही. हे पोका-योकेच आहे, फक्त आपण त्याला नावं ठेवतो की झाकण घालताना हात अवघडतो. त्याच कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह मिळाला नाही म्हणून दुसऱ्याच कंपनीचा, ‘बसतोय की’ म्हणून घट्ट पिळून लावणारेही मी पाहिले आहेत. बसतोय, हे त्या नव्वद बोल्टांबद्दलही खरंच होतं.

घरातली अशी दुसरी सोय म्हणजे तीन पिनांचा प्लग. त्यातली अर्थिंगची वरची पिन जाड असते, म्हणून प्लग उलटा घालता येत नाही. ती लांबही असते, म्हणून वीज जोडली जाण्याआधी अर्थिंग जोडलं जातं आणि प्लग काढताना ते सगळ्यांत शेवटी सुटतं. अनेक सॉकेटांत आत पडदे असतात, ते ही लांब पिन आत गेल्यावरच बाजूला होतात, म्हणजे लहान मुलाने खालच्या भोकांत काही खुपसलं तरी आत जात नाही. इतका विचार त्या चिमुकल्या वस्तूत आहे. आणि आपण काय करतो? दोन पिनांची इस्त्री लावायची असते, पडदा उघडत नाही, म्हणून वरच्या भोकात पेन्सिल घालून तो उघडतो. प्लग नसेल तर उघड्या वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी अडकवतो. हे करणाऱ्याला घरात कुणी मूर्ख म्हणत नाही, हुशार म्हणतात. ती पेन्सिलची टोकं अजून किती सॉकेटांत आत तुटून राहिली असतील, कोण जाणे.