उतारवयातील वाचन : पोथीपासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत

१

मराठी वाङ्मयेतिहासात वाचक येतो तो बहुधा तरुण म्हणून. 'करमणूक'चा वाचक, फडके-खांडेकरांचा वाचक, 'सत्यकथे'चा वाचक, लघुनियतकालिकांचा वाचक अशी जी मालिका इतिहासकार गृहीत धरतात, तीत प्रत्येक वाचकवर्ग नव्या वाङ्मयाबरोबर उदयाला येतो आणि त्यानंतरचे वाङ्मय आले की इतिहासाच्या पानावरून नाहीसा होतो. प्रत्यक्षात तो नाहीसा होत नाही. तो म्हातारा होतो आणि वाचत राहतो. किंबहुना नोकरी, शेती, दुकान आणि संसार यांतून मोकळीक मिळाल्यावर त्याच्या आयुष्यात प्रथमच सलग वाचनाला अवकाश मिळतो. अशा वाचकाला विरंगुळा म्हणून कोणते ग्रंथ जवळचे वाटले, कोणत्या वाङ्मयप्रकारांकडे तो वळला, आणि का, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच गंभीरपणे विचारला आहे. 'रंजन' या एका शब्दात त्याची बोळवण झालेली आहे.

या उपेक्षेचे कारण इतिहासलेखनाच्या पद्धतीत आहे. वाङ्मयाचा इतिहास प्रकाशनवर्षांच्या क्रमाने लिहिला जातो. वाचनाचा क्रम मात्र वेगळा असतो. १७०२ साली पूर्ण झालेला 'हरिविजय' आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेली 'स्वामी' एकाच घरात, एकाच कोनाड्यात, एकाच हाताशी असू शकतात. या दोन ग्रंथांमधील अंतर इतिहासकाराच्या दृष्टीने अडीच शतकांचे आहे. उतारवयातील वाचकाच्या दृष्टीने ते दुपार आणि संध्याकाळ यांच्यामधील असते. हे सान्निध्य योगायोगाचे आहे की त्यामागे वाचनाची एखादी समान रीत आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

मराठीतील वृद्धांच्या वाचनाची सर्वांत दीर्घ परंपरा पोथीची आहे. श्रीधर (१६५८–१७२९) याचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८), महीपतीचा 'भक्तविजय' (१७६२), त्याआधीचे सरस्वती गंगाधरांचे 'गुरुचरित्र' हे ग्रंथ शतकानुशतके घरोघरी आणि देवळोदेवळी वाचले गेले. पंडितमान्य काव्याच्या श्रेणीत श्रीधराला मोरोपंतांच्या पंक्तीला बसविण्यास समीक्षक सहसा तयार नसतात. परंतु वाचकसंख्येचा आणि वाचनकाळाच्या लांबीचा निकष लावल्यास त्याच्याशी तुलना होऊ शकेल असे कवी मराठीत फार थोडे आहेत.

पोथीवाचन हे पुण्यकर्म होते हे खरेच. पण तेवढेच म्हटल्याने त्याचे स्वरूप स्पष्ट होत नाही. चातुर्मासात सासुरवाशिणी कामाला लागल्यावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया वाती वळत पोथी ऐकायला बसत, त्यात धर्म होता तसा विसावाही होता. फलश्रुतीची एक सांस्कृतिक कामगिरी येथे लक्षात घेतली पाहिजे. कथा ऐकल्याने पाप नष्ट होते, मनोरथ पूर्ण होतात असे ग्रंथच सांगत असल्यामुळे कथेच्या सुखाला परवाना मिळत असे. पूतनेचा वध, द्रौपदीचे स्वयंवर, कर्णाच्या रथाचे चाक यांत रमणे हा वेळेचा अपव्यय ठरत नसे. पुढे कादंबरी आली तेव्हा तिच्याकडे जो संशयाने पाहिले गेले, तसा संशय पोथीच्या वाट्याला आला नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' (१९१०) मध्ये घरातील वडील स्त्रियांचा जो विरोध नोंदलेला आहे तो विशेषतः इंग्रजी शिकण्याला आहे. कथाश्रवण हा तर त्या वडील स्त्रियांच्या स्वतःच्या दिनक्रमाचाच भाग होता.

येथे 'वाचक' ही संज्ञाही सैल करावी लागते. १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ८.८६ टक्के होते. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत वाचन याचा अर्थ श्रवण असाच होतो. एक वाचणारा आणि अनेक ऐकणारे अशी ही रचना आहे. पोथीचे बाह्य रूपही तिला अनुकूल होते. सुटी, आडवी, रुंद पाने आणि ठळक टाइप ही मांडणी मंद झालेल्या दृष्टीला आणि मोठ्याने वाचण्याला सोयीची होती. छपाईने ती मोडली नाही. एकोणिसाव्या शतकात प्रथम शिळाप्रेसवर आणि पुढे १८६९ मध्ये निघालेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांत पोथ्या छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा पुस्तकाचा आकार बदलत असतानाही पोथीने आपला जुना आकार बराच काळ राखला.

या वाचनाची रीत तीन लक्षणांनी सांगता येईल. पहिले, शेवट आधीच ठाऊक असतो. दुसरे, ग्रंथ अध्यायांत विभागलेला असल्याने तो दिवसांची मोजणी करतो. 'हरिविजया'चे ३६, 'रामविजया'चे ४०, 'पांडवप्रतापा'चे ६४ अध्याय हे रिकाम्या होऊ लागलेल्या दिवसांना आकार देतात. 'गुरुचरित्रा'चा सप्ताह तर सात दिवसांचे वेळापत्रकच आहे. तिसरे, संपलेला ग्रंथ संपत नाही. 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय नित्य वाचणारी व्यक्ती कथानकाच्या ओढीने वाचत नसते. ती परतून येत असते. पुनर्वाचन हा या परंपरेत अपवाद नसून नियम आहे.

३

एकोणिसाव्या शतकात या चित्रात दोन नव्या गोष्टी आल्या : वाचनालय आणि निवृत्तिवेतन. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) येथील ग्रंथालये प्रारंभी युरोपीय अधिकारी आणि नवशिक्षित यांच्या गरजेतून उभी राहिली. मराठी ग्रंथांचा संग्रह हेच उद्दिष्ट मानणाऱ्या संस्था ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये निघाल्या. दरम्यान सरकारी नोकरीने 'पेन्शनर' हा नवा सामाजिक प्राणी निर्माण केला होता. वानप्रस्थाची कल्पना जुनी होती. ठरावीक वयाला, ठरावीक उत्पन्नासह, काम थांबणे ही गोष्ट मात्र नवी होती. सकाळी वृत्तपत्र आणि संध्याकाळी बदलून आणलेले पुस्तक हा क्रम या वर्गाने रूढ केला.

याच काळात ऐतिहासिक कादंबरी घडत होती. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तारा'तून येऊन १८७१ मध्ये पुस्तकरूप झाली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये काढलेल्या पत्राचे नावच 'करमणूक' होते, आणि 'उषःकाल' त्याच पत्रातून क्रमशः वाचकांपुढे आली. नाथमाधव यांची स्वराज्यविषयक कादंबरीमाला आणि वि. वा. हडप यांची 'कादंबरीमय पेशवाई' यांनी हा प्रकार ग्रंथालयांच्या कपाटांत कायमचा बसविला. येथे खंडांची मालिका महत्त्वाची आहे. एक खंड परत करून पुढचा आणणे यात पोथीच्या अध्यायक्रमाचे लौकिक रूपांतर दिसते.

या दोन परंपरांमधील दुवा ठरली ती आकाशवाणी. १९५५–५६ मध्ये पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत या क्रमाने वर्षभर प्रसारित झाले. परिचित कथा, ठरलेली वेळ, एकत्र श्रवण ही पोथीची सारी अंगे त्यात होती. पुराणिकाची जागा यंत्राने घेतली होती. त्यानंतरच्या दशकात आलेल्या कादंबऱ्या या पार्श्वभूमीवर पाहिल्या पाहिजेत. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आणि 'श्रीमान योगी' (१९६८), ना. सं. इनामदार यांची 'झेप' (१९६३), शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) या कृतींना तरुण वाचक लाभले हे निःसंशय. पण शतकाच्या आरंभी जन्मलेला आणि बालपणी 'पांडवप्रताप' ऐकलेला वाचक 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा साठीत होता, हेही तितकेच खरे आहे. त्याच्यासाठी कर्ण नवा नव्हता. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांच्या निवेदनांतून एकच कथा पुनःपुन्हा सांगितली जाणे हे त्याला क्लिष्ट वाटण्याचे कारण नव्हते. पुनःकथन ही त्याच्या कानाची जुनी सवय होती. 'स्वामी'तही थेऊरला १७७२ मध्ये होणारा माधवरावांचा अंत पहिल्या पानापासून ठाऊक असतो. पुढे काय होणार या कुतूहलापेक्षा जे होणार आहे ते टळणार नाही या जाणिवेवर ही कादंबरी उभी आहे. आणि उतारवयाला या जाणिवेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

४

साठोत्तरी समीक्षेने ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीवर कठोर आक्षेप घेतले. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या समीक्षकांनी तिच्यातील वर्तमानापासूनचे पलायन, भूतकाळाचे उदात्तीकरण आणि भाषेचा आलंकारिक फुलोरा यांवर बोट ठेवले. कृतींच्या मूल्यमापनात हे आक्षेप बव्हंशी टिकतात. परंतु वाचनाचे स्पष्टीकरण म्हणून ते अपुरे आहेत. वाचक फसला, असे म्हणून वाचकाच्या दीर्घ निष्ठेचा उलगडा होत नाही.

ग्रहणसिद्धान्ताकडून येथे साहाय्य अपेक्षित होते. हान्स रोबर्ट याउस यांनी १९६७ च्या आपल्या व्याख्यानात अपेक्षांच्या क्षितिजाची संकल्पना मांडली आणि वाचकाला वाङ्मयेतिहासात स्थान दिले. पण त्यांच्या मांडणीतही जी कृती वाचकाचे क्षितिज बदलते ती श्रेष्ठ. जी केवळ अपेक्षापूर्ती करते ती चविष्ट पदार्थासारखी, रंजनाच्या कोटीतील, अशी श्रेणी आहे. तीत पहिल्यांदा वाचणाराच गृहीत धरला जातो. तीच कृती तिसऱ्या वेळी वाचणाऱ्या सत्तरीतील वाचकाच्या बाबतीत बदललेले असते ते क्षितिज नव्हे, तो स्वतः. 'स्वामी' विशीत वाचताना माधवरावांचे तारुण्य वाचकाच्या बरोबरीचे असते; सत्तरीत वाचताना तेच माधवराव नातवाच्या वयाचे होतात. अक्षरे तीच, पण कादंबरीतील मृत्यू आता दुसऱ्या बाजूने पाहिला जातो. अंतर कृतीने निर्माण केलेले नाही, आयुष्याने केलेले आहे; आणि त्याचा हिशेब कोणत्याही श्रेणीत होत नाही.

मात्र उतारवयातील सर्व आवडी वयाच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. वय आणि पिढी यांत भेद करावा लागतो. काही वाङ्मयप्रकारांकडे प्रत्येक पिढी उतारवयात येते : पोथी, संतचरित्र, आत्मचरित्र, इतिहास. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) ही आयुष्याच्या अखेरीस लिहिली गेलेली आठवण. गत आयुष्य जुळवून पाहण्याची जी गरज लेखिकेची, तीच समवयस्क वाचकाची असते. उलट काही ग्रंथ वाचक तारुण्यातून आपल्याबरोबर घेऊन येतो. फडक्यांची प्रणयकथा किंवा बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार हे वृद्धांचे वाङ्मय नव्हे. तरीही ज्यांनी ते तारुण्यात वाचले त्यांच्या म्हातारपणात ते विरंगुळ्याचे वाङ्मय होऊ शकते. पहिल्या गटाला परंपरा टिकवते, दुसऱ्याला स्मृती. पिढी गेली की दुसरा गट ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतो; पहिल्याला नवे वाचक मिळत राहतात.

५

या विवेचनाची एक मर्यादा विसरता येणार नाही. फावला वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. शेतमजुराला निवृत्तीचे वय नसते, आणि स्त्रीची दुपार मोकळी होते ती घरातील दुसऱ्या स्त्रीच्या श्रमावर. पोथी-पेन्शन-पेशवाई ही साखळी मुख्यतः पांढरपेशा, आणि त्यातही उच्चवर्णीय जीवनाची आहे. वारकऱ्यांचे भजन आणि 'ज्ञानेश्वरी'चे सामुदायिक पारायण हे तिच्याबाहेरचे, अधिक व्यापक असे वृद्धांचे वाङ्मयजीवन आहे आणि त्याचा इतिहास स्वतंत्रपणे लिहावा लागेल. शिवाय परिचिताकडे परतण्याची ही रीत निरुपद्रवी असतेच असे नाही. ज्या भूतकाळात एकाला विसावा मिळतो त्यात दुसऱ्याचा अपमान साठलेला असू शकतो.

म्हणूनच या प्रतिपादनाची खरी कसोटी आजच्या वृद्ध वाचकांत आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी विशीत असलेला वाचक २०१८ च्या सुमारास साठीत आला. तत्पूर्वी, २०१७ मध्ये स्टोरीटेलसारख्या सेवांनी मराठीत ध्वनिपुस्तके आणून श्रवणाची जुनी वाट पुन्हा मोकळी केली; मंद दृष्टीच्या वाचकाला वाचून दाखवणारा आवाज परत मिळाला, जरी शेजारी बसून ऐकणारे परत आले नाहीत. हा वाचक आता कशाकडे वळतो? तो पुन्हा पेशवाईकडे आणि कुरुक्षेत्राकडे गेला, तर पोथीने घडविलेली वयाची रीत पिढीच्या अनुभवापेक्षा बलवत्तर ठरते. तो 'बलुतं'कडे परतला, आणि एकेकाळी धक्का देणारे ते पुस्तक आता सोबत म्हणून वाचू लागला, तर पुनर्वाचनाचे सुख परिचित दुःखातही असते हे मान्य करावे लागेल, आणि 'विरंगुळा' या शब्दाचा अर्थ समीक्षेला नव्याने लावावा लागेल. दोन्ही शक्यतांचा पुरावा ग्रंथालयांच्या देवघेवीच्या नोंदवह्यांत रोज लिहिला जात आहे. वाङ्मयेतिहासाने त्या नोंदवह्या उघडल्या नाहीत, तर तो केवळ पहिल्या आवृत्त्यांचा इतिहास राहील.