रिक्त निकाल संदेश

वेब अनुप्रयोगातील यादी, तक्ता किंवा शोध यांसाठी केलेल्या विचारणेतून एकही नोंद हाती आली नाही, तर त्या जागी दाखवला जाणारा मजकूर. तो डेटाबेसमधून येत नाही. नोंदींची मांडणी करणारा ‘व्ह्यू’ तो पुरवतो. अनेक साधनांत ही सोय आयती असते, पण तिचा मूळ मजकूर सर्वसाधारण आणि बहुधा इंग्रजी असतो. यादी का रिकामी आहे हे त्यातून कळत नसल्यामुळे तो प्रसंगानुसार बदलून घेतात.

प्रकार : (१) अजून एकही नोंद झालेली नाही. येथे पहिली नोंद कशी करावी हे सांगणे उपयुक्त ठरते. (२) नोंदी आहेत, पण शोधशब्दाशी किंवा लावलेल्या फिल्टरशी एकही जुळत नाही. येथे शोधशब्द पुन्हा दाखवून फिल्टर काढण्याचा मार्ग देतात. (३) नोंदी आहेत, पण त्या पाहण्याचा अधिकार वापरकर्त्याला नाही. गोपनीय नोंदींचे अस्तित्वही उघड होऊ नये, म्हणून हा संदेश मुद्दाम मोघम ठेवावा लागतो. माहिती अजून येत असणे किंवा सर्व्हरशी संपर्क तुटणे या अवस्था यांहून वेगळ्या आहेत. त्या वेळी ‘काही सापडले नाही’ असे दाखवल्यास आपली माहितीच पुसली गेली, असा वापरकर्त्याचा समज होतो.

तंत्र : जँगोच्या टेम्प्लेट भाषेत ‘फॉर’ या आवर्तनाला ‘एम्प्टी’ हे उपांग जोडता येते, १.१ या आवृत्तीपासून (२००९) ते उपलब्ध आहे. लाराव्हेलच्या ब्लेडमध्ये हेच काम ‘फॉरएल्स’ करते. ट्विग आणि जिंजा यांत आवर्तनाला ‘एल्स’ जोडतात. पायथन भाषेत मात्र आवर्तनाच्या ‘एल्स’चा अर्थ निराळा आहे : आवर्तन ‘ब्रेक’ने मध्येच तुटले नाही, तर तो भाग चालतो. रेल्समध्ये रिकाम्या संग्रहाचे ‘रेंडर’ केल्यास ‘निल’ मिळते, त्यामुळे त्यापुढे ‘किंवा’ लावून पर्यायी मजकूर देता येतो. रिअ‍ॅक्टमध्ये यादीची लांबी आणि घटक ‘आणि’ चिन्हाने जोडले, तर रिकाम्या यादीच्या जागी पडद्यावर नुसते ‘0’ उमटते. ते टाळण्यासाठी लांबी शून्याहून जास्त आहे का, अशी स्पष्ट तुलना लिहितात.

एएसपी डॉट नेटच्या ग्रिडव्ह्यूमध्ये साधा मजकूर किंवा पूर्ण टेम्प्लेट देता येतो. दोन्ही दिल्यास टेम्प्लेट ग्राह्य धरला जातो. ड्रुपलचे ‘व्ह्यूज’ हे मॉड्यूल आठव्या आवृत्तीपासून (२०१५) गाभ्यात समाविष्ट झाले. त्यात ‘निकाल नसताना काय करावे’ हा स्वतंत्र विभाग असून तेथे कोड न लिहिता मजकूर देता येतो, किंवा दुसरा व्ह्यूही बसवता येतो. शीर्षभाग व तळभाग मात्र निकाल नसताना आपोआप लपतात. ते हवे असल्यास तशी वेगळी खूण करावी लागते. डेटाटेबल्स या जावास्क्रिप्ट ग्रंथालयात तक्ताच रिकामा असणे आणि शोधाला काही न जुळणे यांसाठी दोन वेगळे मजकूर ठेवता येतात. फक्त दुसरा दिल्यास तोच दोन्ही ठिकाणी वापरला जातो.

सुरक्षितता व सुलभता : शोधशब्द संदेशात जसाच्या तसा छापल्यास त्यातून घातक स्क्रिप्ट पानात शिरू शकते. म्हणून एचटीएमएलमधील विशेष चिन्हे निष्प्रभ करूनच तो दाखवावा. जँगो आणि ब्लेड यांच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत हे आपोआप होते. पान पुन्हा न उघडता निकाल बदलत असतील, तर दृष्टिहीन वापरकर्त्याला संदेश ऐकू येण्यासाठी त्या भागाला ‘स्टेटस’ ही भूमिका देतात. डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या मार्गदर्शक तत्त्वांतील ४.१.३ हा निकष अशा स्थितिदर्शक संदेशांविषयी आहे.

मराठी अनुप्रयोगांत : एकाच वाक्यात नाम बदलून संदेश तयार करण्याची रीत मराठीत चालत नाही. ‘एकही ग्रंथ सापडला नाही’ या वाक्यात ‘कादंबरी’ घातल्यास ‘सापडली’ आणि ‘पुस्तक’ घातल्यास ‘सापडले’ असे क्रियापद बदलते. त्यामुळे प्रत्येक नोंदप्रकारासाठी पूर्ण वाक्य स्वतंत्र लिहावे लागते. कधी रिक्त निकालाचे कारण लिपीच्या संकेतनातच असते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी साठवता येते; दोन्ही रूपे दिसायला सारखीच असतात, पण साध्या तुलनेत जुळत नाहीत. साठवलेला मजकूर आणि शोधशब्द दोन्ही एकाच प्रमाणरूपात आणल्यावर हा दोष दूर होतो. ह्रस्व-दीर्घाच्या फरकामुळे मात्र त्यानंतरही निकाल रिकामा येऊ शकतो, म्हणून अशा संदेशात शब्दाचे लेखन तपासण्याची सूचना किंवा जवळचे पर्यायी शब्द देतात.