कोपराची नस आणि शेजारची कंडरा

कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यामागून अल्नर नस खाली उतरते. तिथे मार बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्यामुळेच. मनगट आणि बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचे सामाईक मूळही याच उंचवट्यावर आहे. नस तिथे आवळली जाते तेव्हा करतात त्या शस्त्रक्रियेत कंडरा दुखावते ती या शेजारामुळे.

१८९८ मध्ये कर्टिस यांनी ही नस मागच्या खोबणीतून काढून पुढे, कातडीखाली आणली. कंडरेला तेव्हा धक्का लागला नव्हता. स्कॉटिश सर्जन लर्मंथ यांनी १९४२ मध्ये नस स्नायूंच्या खाली पुरण्याची पद्धत मांडली. त्यासाठी कंडरांचे मूळ हाडावरून कापून पुन्हा शिवावे लागे. टाके जुळेपर्यंत हात बांधून ठेवायचा, म्हणजे कोपर आखडणार. मुठीचा जोर कमी होणे आणि आतल्या बाजूचे दुखणे हे वर. उंचवटाच तासून काढण्याची पद्धतही आली. त्यात हाड जास्त तासले गेले तर सांध्याचा आतला बंध सैल पडतो.

खानदेशात हा विषय कुष्ठरोगाशी जोडलेला आहे. या रोगात नस कोपराच्या किंचित वर जाड होते, म्हणून तपासणीत बोटे आधी तिथेच जातात. वेळीच स्टेरॉइड दिले तर बरेचदा चाकू टळतो. उशीर झाला की चिमटीचा जोर जातो, आणि बोंडातला कापूस वेचायला तीच चिमूट लागते. नस मेलीच तर वाकड्या बोटांसाठी दुसरी कंडरा उसनी घ्यावी लागते. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी हे तंत्र घडवले. बोट वाकवणारी वरची कंडरा वळवली की काही बोटे उलटी ताठ होतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी मनगटाची कंडरा वापरली.

लिव्हरपूलच्या ऑसबोर्न यांनी १९५७ मध्ये नसेवरचा आवळणारा पट्टा नुसता कापून दाखवला होता. २००५ च्या सुमाराच्या तुलनात्मक चाचण्यांत हा साधा उपाय नस हलवण्याइतकाच गुणकारी ठरला. इतकी वर्षे कंडरा उगाच कापल्या गेल्या, असे म्हणायला जागा आहे.

नस उंचवट्यावरून निसटत असेल, तर मात्र ती पुढे आणतात. तरीही काहींच्या कोपरात खटका वाजतच राहतो. तो दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूच्या आतल्या कडेचा असतो. म्हणून टेबलावरच कोपर पूर्ण वाकवून पाहतात, आणि कड निसटताना दिसली तर तीही त्याच वेळी कापतात किंवा सरकवतात.