'ब्राह्मण कॉफी क्लब' : न्याहारीच्या टेबलावरचा एक शतकाचा हिशेब

बंगळूर शहरात १९२४ साली लालबाग फोर्ट रोडवर एक लहानसे उपाहारगृह सुरू झाले. त्याचे नाव होते 'ब्राह्मण कॉफी क्लब'. परमेश्वर मैया आणि त्यांचे बंधू हे त्याचे चालक. उडुपीच्या परिसरातून पोट भरण्यासाठी आलेली ही मंडळी आधी शहरातील घरांत स्वयंपाकी म्हणून राबत होती. इडली आणि कॉफी एवढाच पसारा. हेच ठिकाण पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच एम.टी.आर., या नावाने देशभर ओळखले गेले. त्याच्या इडलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्याचा विषय मात्र त्याची पाटी आहे.

दुकानाच्या नावात जात का असावी? केवळ मालकाचा अभिमान म्हणून नव्हे. शिजवलेले अन्न आपल्या किंवा आपल्याहून 'वरच्या' मानलेल्या जातीच्या हातचे असेल तरच चालते, असा त्या समाजाचा दंडक होता. त्यामुळे ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचे सर्वांनाच चालत असे. कचेरी, न्यायालय, महाविद्यालय यांसाठी गाव सोडून शहरात आलेल्या आणि घरचे स्वयंपाकघर मागे राहिलेल्या माणसाला ती पाटी एक हमी देत होती. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर ही पाटी सर्वांना सामावून घेई. बसण्याच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे होते. दक्षिणेतील अशा अनेक उपाहारगृहांत ब्राह्मणांच्या पंगतीची जागा निराळी असे आणि अस्पृश्य मानलेल्यांना आत प्रवेशच नसे. रेल्वे स्थानकांवरील उपाहारगृहेही याला अपवाद नव्हती. मद्रास प्रांतातील रेल्वेच्या उपाहारगृहांमधील ब्राह्मण व ब्राह्मणेतर अशी विभागणी १९४१ मध्ये बंद झाली, तीही दीर्घ चळवळीनंतर.

महाराष्ट्रातील वाचकाने हे परक्या मुलखाचे मानू नये. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आली, एवढ्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्या समाजात एका पेल्याने धर्मसंकट उभे राहत होते, तेथे पैसे देऊन अनोळखी माणसाच्या हातचे खाणे ही साधी गोष्ट नव्हती.

कोल्हापुरात हेच कोडे उलट्या बाजूने सोडवण्याचा प्रयत्न झाला. संस्थानच्या नोकरीतील गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याबद्दल मारहाण झाली. त्यानंतर शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. हॉटेल निघाले, परंतु सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. राजाने गिऱ्हाईक व्हावे आणि तेही सर्वांच्या देखत व्हावे, यातच त्या कृतीचे बळ होते. पण तिची मर्यादाही तेथेच दिसते, कारण प्रत्येक हॉटेलासमोर थांबायला राजा कोठून आणायचा?

त्याचे उत्तर पुढे राज्यघटनेने दिले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि जातीच्या कारणावरून तेथील प्रवेश कोणालाही नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचे नाव यावे, हे पहिल्या वाचनात किंचित विचित्र वाटते. नागरिकाचा अपमान रोज जेथे होत होता ती जागा मसुदाकारांना नेमकी ठाऊक होती, एवढाच त्याचा अर्थ. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आणखी एक पाऊल पुढे गेला. उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हाही त्याने अपराध ठरवला. दारातून आत घ्यायचे आणि मग चहा मात्र कोपऱ्यात ठेवलेल्या निराळ्या कपात द्यायचा, ही पळवाट कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती. ती पळवाट कायद्यानंतरही गावोगावी दीर्घकाळ टिकली, हा या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा भाग होय.

पाट्या मात्र पडू लागल्या. मद्रासमध्ये १९५७ साली पेरियार यांच्या अनुयायांनी ट्रिप्लिकेनमधील मुरली कॅफेसमोर सत्याग्रह आरंभला. मागणी एकच होती, फलकावरील 'ब्राह्मण' हा शब्द काढा. महिनोन्‌महिने रोज कार्यकर्ते येत, अटक करून घेत. अखेर तो शब्द गेला.

बंगळूरमधील 'ब्राह्मण कॉफी क्लब'ची पाटी १९६० मध्ये उतरली. उपाहारगृह लालबागजवळच्या नव्या वास्तूत गेले आणि 'मावळ्ळी टिफिन रूम्स' झाले. मावळ्ळी हे त्या भागाचे नाव. जातीच्या जागी ठिकाण आले. पण जुनी पाटी जी हमी देत होती, ती आता कोण देणार? हा प्रश्न यज्ञनारायण मैया यांनी आधीच हाताळला होता. परमेश्वर मैयांच्या निधनानंतर कारभार त्यांच्याकडे आला होता. १९५१ मध्ये ते युरोपला गेले आणि तेथील उपाहारगृहे कशी चालतात, हे त्यांनी पाहिले. तेथील स्वच्छता आणि शिस्त त्यांच्या मनावर ठसली. परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आणली. ग्राहकांना आरोग्य आणि शिष्टाचार शिकवणाऱ्या पुस्तिकाही काढल्या. ग्राहकालाच शिकवणारा मालक हा प्रकार पुणेकरांना फारसा नवा वाटणार नाही.

सर्वांत अर्थपूर्ण प्रथा निराळीच होती. भोजनकक्षाकडे जाण्याची वाट स्वयंपाकघरातून जात असे. परंपरेने स्वयंपाकघर ही घरातील सर्वांत सोवळी जागा. तेथे परक्याची सावलीही नको. आणि येथे कोणीही यावे, चुली, भांडी, आचारी डोळ्यांनी पाहावे आणि मग बसावे. शिजवणाऱ्याची जात विचारण्याऐवजी त्याची भांडी तपासा, असेच जणू ती वाट सांगत होती. सोवळे ग्राहकाला दूर ठेवून टिकत असे. स्वच्छतेला ग्राहकाची नजर हवी होती. मैयांचा हेतू समाजसुधारणेचा होता असा दावा येथे नाही. व्यवसायाची निकड आणि युरोपात पाहिलेली शिस्त एवढी कारणे पुरेशी आहेत. आचारी आणि मालक यांची जात तर नाव बदलून बदलत नव्हतीच. तरीही विश्वासाचा आधार सरकला, हे नाकारता येत नाही.

त्या टेबलावरचा पदार्थही टंचाईतून आला. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मीळ झाला तेव्हा इडलीच्या पिठात रवा वापरून पाहिला गेला आणि रवा इडली जन्मली, असे एम.टी.आर. सांगते. चांदीच्या पेल्यातील कॉफी हीदेखील तेथील ओळख.

मग आणीबाणी आली. खाद्यपदार्थांचे दर शासनाने इतके खाली बांधून दिले की, त्या किमतीत शुद्ध तूप आणि नेहमीचा दर्जा परवडेना. दोनच मार्ग होते. माल हलका करावा किंवा तोटा सोसावा. रोजचा तोटा फलकावर लिहून ग्राहकांपुढे मांडला जात असे, अशी आठवण त्या घराण्यात सांगितली जाते. स्वयंपाकघर उघडे ठेवणाऱ्यांनी हिशेबही उघडा ठेवावा, हे सुसंगतच होय. तोटा फार काळ पेलवला नाही आणि उपाहारगृह बंद झाले. कामगारांना आणि चुलींना काम हवे, म्हणून तयार मिश्रणांची पाकिटे विकणे सुरू झाले, त्यांत रवा इडलीचे मिश्रण होते.

उपाहारगृह १९८४ मध्ये पुन्हा उघडले. पाकिटांचा व्यवसाय तोवर स्वतंत्रपणे वाढत होता. २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने तो विकत घेतला. लालबागजवळचे उपाहारगृह मैया कुटुंबाकडेच राहिले.