कूस पालटण्याचा इतिहास



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या कृपेने. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. आमचे उत्तर एवढेच की, आज सांगावयाच्या हकीकतीत औषधापेक्षा माणसाच्या हातांचे काम अधिक आहे. आणि हातांच्या कामाविषयी बोलण्यातच आमचे आयुष्य गेले.

प्रश्न असा : ज्याचा श्वास कोंडला आहे त्या रोग्याला उताणे ठेवावे की पालथे? प्रश्न पोरकट वाटतो. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

आरंभ 1952 पासून करावा लागतो. त्या वर्षी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसे मरू लागली आणि यंत्रे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने युक्ती काढली : गळ्याला छेद देऊन नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यावा. पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ या पाळ्यांत आहे. पुढे यंत्रे आली, हात बाजूला झाले आणि रोगी उताणा पडून राहिला. कारण नळ्या, तारा आणि तपासणी यांना तेच सोयीचे होते.

आता उताणेपणात वाईट काय ते पाहू. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. आजाराने त्यात पाणी भरले की ते भिजलेल्या घोंगडीसारखे जड होते आणि वरच्या भाराने खालचा भाग दबून मिटतो. त्यात हृदयाचे आणि पोटाचे वजन भर घालते. रक्त मात्र त्या मिटलेल्या भागातून वाहतच राहते आणि प्राणवायू न घेता परतते. रोग्याला पालथे केले की पाठीकडचा भाग मोकळा होऊन उघडतो व तेथल्या रक्ताला हवा भेटते. 1976 मध्ये अमेरिकेत पील आणि ब्राऊन यांनी पाच रोग्यांची हकीकत छापली. कूस पालटताच रक्तातील प्राणवायू वाढला होता.

मग लढाई जिंकली म्हणावे काय? नाही. 2001 मध्ये इटलीच्या गॅटिनोनी यांनी 304 रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला किमान सहा तास पालथे ठेवूनही, प्राणवायूचा आकडा वाढला, मृत्यू काही घटले नाहीत. कारखान्याच्या ताळेबंदात नफा वाढावा आणि मजुराच्या घरची चूल थंडच राहावी, तसा हा प्रकार. पण संशोधकांनी हार खाल्ली नाही. 2013 मध्ये फ्रान्सच्या गेरँ यांनी 466 अत्यवस्थ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी प्रत्येक खेपेस सलग सोळा तासांच्या वर पालथे ठेवण्याचा नेम होता. 28 दिवसांतील मृत्यू शेकडा 32.8 वरून 16 वर आले. बेशुद्ध, नळी घातलेला माणूस सुखरूप पालथा करण्यास चार-पाच जण लागतात. त्यांतील एकाने डोके आणि नळी सांभाळावयाची असते.

2020 साली कोरोना आला. यंत्रे कमी, माणसे थकलेली. मग विचार पुढे आला : जो रोगी शुद्धीवर आहे तो स्वतःच का पालथा होऊ नये? न्यूयॉर्कमध्ये 50 रोग्यांत, प्राणवायू लावूनही 84 वर अडकलेला आकडा पालथे होताच पाच मिनिटांत 94 वर गेला. पण 2001 चा धडा विसरून कसे चालेल? 2021 मध्ये सहा देशांतील अकराशेहून अधिक रोग्यांचा हिशेब आला. नळी घालण्याची पाळी येणे किंवा मृत्यू, हे दोन्ही मिळून प्रमाण शेकडा 46 वरून 40 वर आले. नुसत्या मृत्यूंत घट सिद्ध झाली नाही. लाभ आहे, पण बेताचा. अधिक वेळ पालथे राहिले त्यांना यश अधिक दिसले. अर्थात जे मुळात बरे होते त्यांनाच तसे राहणे जमले, असेही असू शकेल.

एप्रिल 2021 मध्ये आपल्याकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चार-पाच उशांचा हा उपाय घरोघर कळविला. गरोदर स्त्रिया आणि गंभीर हृदयविकाराचे रोगी यांनी तो करू नये, असेही बजावले. त्या दिवसांत आमच्या युनियनची सभासद असलेली एक मावशी एका इस्पितळात कंत्राटावर होती. ती सांगे, पालथे झालेले माणूस दहा मिनिटांत कंटाळते, मान अवघडते, जीव घाबरतो. "काका, अजून थोडा वेळ. मी इथंच बसलेय," असे म्हणून ती पाठीवरून हात फिरवी. तेवढ्यावर तास निघे. लाट ओसरली आणि तिचे कंत्राटही संपले.

शास्त्रज्ञांनी रोगी किती तास पालथा राहिला हे मोजले. तो राहावा म्हणून उशाशी कोण किती तास बसले, हे हजेरीपटावर कोठेच आले नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे. उशी स्वस्त आहे म्हणून प्राणवायू नको, परिचारिका नको, मावशी नको, असा अर्थ कोणी काढू लागला तर त्याला हा इतिहास वाचून दाखवावा. कोपनहेगनच्या पाळ्यांपासून आमच्या मावशीच्या रात्रीपर्यंत प्रत्येक वेळी उपाय चालला तो कोणीतरी जागे बसले होते म्हणून. कूस रोग्याने पालटावी; पण त्याच्या उशाशी बसणाऱ्याची भाकर आपण सांभाळली पाहिजे.