मेंफिसच्या दारात अंधार

तुमच्यापासून हातभर अंतरावर दोन शेणकिडे एक गोळा ढकलत चाललेत. डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर. जरा चढ लागला की गोळा घरंगळतो आणि ते पुन्हा त्याला भिडतात. तुमच्या मागे अख्खं सैन्य खोळंबलंय. किडे सूर्यदेवाचे, त्यांना तुडवायचं नाही. महापुरोहित हेरहोरचा हुकूम आहे: वाट बदला.

नव्या वाटेत एक कालवा आडवा येतो. एका गुलामाने तो दहा वर्षं खणलाय. पुरा झाला की त्याची आणि त्याच्या मुलांची सुटका होणार होती. तो पाया पडतो, गयावया करतो. सैनिक माती लोटतात आणि दहा वर्षं बघता बघता बुजतात. त्या माणसाने गळफास घेतल्याचं राजपुत्र रामसेसला नंतर दिसतं. पुरोहितांशी त्याचं भांडण पुढे राज्य हादरवतं, पण माझ्या मते त्याचं मूळ या बुजलेल्या कालव्यातच आहे.

जरा मागे सरका. ही वाळू इजिप्तची नाही, उझबेकिस्तानातल्या किझिलकुम वाळवंटाची आहे. कॅमेऱ्यामागे येझी कावालेरोविच हा पोलिश दिग्दर्शक. त्याचा ‘फारो’ १९६६ साली पडद्यावर येईल आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचेल. चौकटीत हिरवा रंग जवळपास सापडतच नाही. वाळू, कातडी, सोनं, सगळं एकाच उन्हात भाजून निघालेलं. भव्य देखावे इतरांनीही उभे केले. इतकं कोरडं, घसा सुकवणारं इजिप्त मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

आणखी मागे चला. १९ ऑगस्ट १८८७, वॉर्साच्या उत्तरेचं म्वावा गाव. सूर्य नुकताच वर आलाय आणि आज खग्रास ग्रहण आहे. गर्दीत तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस उद्या चाळीस वर्षांचा होईल. बोलेस्वाव प्रूस, वर्तमानपत्रात लिहून पोट भरणारा. सोळाव्या वर्षी रशियाविरुद्धच्या उठावात लढला, बंदुकीच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, पकडला गेला. त्याचा देश आता नकाशावर नाही. रशियन सेन्सॉरच्या नजरेखालूनच त्याला लिहावं लागतं. अंधारून येतं. तुम्ही सूर्याकडे बघताय. वळून त्याच्याकडे बघा. आठेक वर्षांनी तो हाच अंधार तीन हजार वर्षं मागे नेईल, एक राज्य आतून कसं कोसळतं ते सांगणाऱ्या ‘फारो’ कादंबरीत. त्या चित्रपटाचं मूळ हीच कादंबरी.

आता तिथेच चला. मेंफिस, प्ताहच्या देवळाचा दरवाजा. तुम्ही जमावात आहात आणि खांद्यावर दहाबारा जणांबरोबर ओंडका आहे. रामसेस आता फारो झालाय आणि त्याला देवळांचा खजिना हवाय. प्रजेचे हाल संपवायचे तर दुसरा पैसा नाही. दारावर ओंडका आदळतो. पुन्हा आदळतो. तेवढ्यात हेरहोर समोर येतो, हात वर करतो आणि देवाला साकडं घालतो की या पापी लोकांपासून तोंड फिरव.

ऊन फिकं पडतं. शेजारच्याचा चेहरा राखेसारखा होतो. तुम्हाला ठाऊक आहे हे काय आहे. तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडता, “अरे, ग्रहण आहे! आत्ता सुटेल!” पण तुमची भाषा इथे कुणाला कळत नाही. ज्यांना हे गणित येतं ते सगळे दाराच्या आत आहेत, आणि आजची वेळ त्यांनी आधीच काढून ठेवलीय. माणसं जमिनीवर पालथी पडतात, एकमेकांना तुडवत पळतात. ओंडका तुमच्या एकट्याच्या खांद्यावर पेलत नाही, तो निसटतो.

मग कडेने उजेडाची एक चीर फुटते. हेरहोरने देवाची करुणा भाकली आणि देवाने ऐकलं, असंच सगळ्यांना वाटतं. चौक रिकामा होत जातो. तुमच्या तळहाताला ओंडक्याची साल अजून चिकटलेली आहे आणि दारावर, जिथे घाव बसले तिथे, पांढरं लाकूड उघडं पडलंय.