कणीएवढा चुना

एस्प्रेसोचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेक वेळा दाबाचा इतिहास असतो. तुरिनच्या १८८४ च्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदोने वाफेवर चालणारं कॉफीयंत्र मांडलं. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ साली कपागणिक ताजी कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मागितलं, ते देझिदेरिओ पाव्होनीने विकत घेऊन बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जाने स्प्रिंगची तरफ आणली, दीड बारचे आठ-नऊ बार झाले आणि कपावर ती प्रसिद्ध तपकिरी साय आली. मीही ही गोष्ट अशीच वाचली होती. मग लंडनमध्ये एक जुनं घरगुती यंत्र विकत घेतलं, ते उघडून बसलो, आणि आत दुसराच इतिहास साचलेला दिसला. पांढरा.

यंत्राची वाफ छान यायची, पंप घरघरायचा, पण कॉफीची दांडी जिथे अडकवतात त्या तोंडातून पाण्याची बारीक धारसुद्धा धड पडत नव्हती. विकणारा म्हणाला होता, एकदा डिस्केल करा, पळायला लागेल. मी एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्व, विरघळवून टाकीत ओतलं आणि बटण दाबलं. दहा मिनिटांनी होती ती धारही बंद पडली.

पुढचे दोन दिवस यंत्र वर्तमानपत्रावर सुटं पडलेलं होतं. वायर अर्थातच भिंतीपासून लांब. ॲल्युमिनियमचा बॉयलर म्हणजे चार बोल्टांनी आवळलेल्या दोन अर्ध्या वाट्या, मावणारं पाणी जेमतेम शंभर मिलिलिटर. त्याच्या आतल्या अंगाला अंड्याच्या कवचासारखा थर होता. आम्लाने तो विरघळण्याआधी त्याच्या खपल्या सुटल्या, आणि त्यातली एक वाहत जाऊन विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेत बसली. झडपेचं भोक टाचणी जाईल एवढं. त्यात अडकलेला तुकडा मी चिमट्याने काढून तळहातावर ठेवला. तांदळाची कणी असावी तेवढा. एवढ्याशाने नऊ बार अडवले होते.

ही कणी आली कुठून, याचं उत्तर लंडनमध्येच मिळालेलं आहे, आणि तेही कॉफीयंत्राच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या उत्तरेला रॅथबोन प्लेस नावाची गल्ली आहे. तिथल्या पंपाचं पाणी हेन्री कॅव्हेंडिशने तपासलं आणि १७६७ साली त्यावर निबंध छापला. हे पाणी दिसायला स्वच्छ, पण उकळलं की तळाशी चुन्याची माती बसते. उकळण्यापूर्वी ती दिसत का नाही? जोसेफ ब्लॅकने १७५६ साली चुनखडीत कोंडलेल्या एका वायूचं वर्णन केलं होतं, त्याला तो ‘बद्ध हवा’ म्हणे. आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. कॅव्हेंडिशने दाखवलं की याच हवेच्या जोरावर पाणी चुना पोटात धरून ठेवतं. उकळताना हवा निघून जाते आणि चुना खाली बसतो. आमच्याकडे विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई कुरकुरायची आणि बंबाच्या तळातून पांढरे पापुद्रे निघायचे. ते आणि हे एकच प्रकरण आहे हे मला पन्नाशीत, परदेशात, एका कणीकडे बघताना उमगलं.

मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. चुन्याचं उलटं. त्यामुळे जिथे पाणी सर्वांत जास्त तापतं नेमक्या तिथेच तो चिकटतो. थर उष्णता नीट जाऊ देत नाही, मग आतलं पाणी तेवढंच तापवायला बाहेरचा धातू जास्त तापवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बॉयलरांत या थरामुळे पत्रे लाल होऊन फुटायचे, माणसं मरायची. थर कडक बसू नये म्हणून लोक बॉयलरात बटाटे टाकत. (करून बघू नये.)

आता एस्प्रेसोकडे पुन्हा बघू. बेझेराचं यंत्र म्हणजे उभा मोठा बॉयलर. त्यात चुना कितीही साचला तरी कॉफी येत राहायची. गाज्जाची यंत्रं लंडनला आली ती सोहोत. १९५३ साली फ्रिथ स्ट्रीटवर मोका बार उघडला, उद्घाटनाला जीना लोलोब्रिजिदा. रॅथबोन प्लेसपासून तिथे चालत दहा मिनिटं लागत नाहीत, मी मुद्दाम चाललो. तोवर पाणी पंपाऐवजी नळाने येत होतं, पण थेम्स आणि ली नद्यांचं पाणीही खडूच्या टेकड्यांतून झिरपूनच येतं. पुढे १९६१ साली फाएमाच्या ई-६१ ने तरफेऐवजी विजेचा पंप बसवला. उकळून शिळं झालेलं पाणी वापरण्याऐवजी प्रत्येक कपाला नळाचं ताजं पाणी बॉयलरातल्या नळीतून तापत जाऊ लागलं. चवीला ही फार मोठी सुधारणा. पण ताजं पाणी म्हणजे ताजा चुना, आणि तोही अरुंद नळीत. घरगुती यंत्रात तर सगळंच आक्रसलं: बॉयलर, नळ्या, झडपेचं भोक. लंडनच्या पाण्यात लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. दिवसाला तीनशे मिलिलिटर धरलं तरी वर्षाला सत्तावीस ग्रॅम माझ्या यंत्रातून जाणार. मिलानच्या त्या पिंपाला याची दखलही घ्यावी लागली नसती.

राहिलं लिंबूसत्व. कार्ल शेलेने ते १७८४ साली लिंबाच्या रसातून वेगळं काढलं, ते चुना वापरून. रसात खडू घातला की आम्ल त्याला धरून खाली बसतं. मग गंधकाम्लाने सोडवून घ्यायचं. या पद्धतीवर सिसिलीच्या लिंबांचा मोठा धंदा उभा राहिला. १९१७ साली जेम्स करी यांनी साखरेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीकडून हेच आम्ल मिळवता येतं असं दाखवलं, दोन वर्षांत अमेरिकेत कारखाना निघाला आणि सिसिलीचा धंदा बसला. माझ्या पुडीतलं सत्त्वही बुरशीचंच असणार.

दुसऱ्या खेपेला सुटे भाग भांड्यात बुडवून समोर बसलो. ॲल्युमिनियमचं भय असतं. चुना संपला की आम्ल धातूकडे वळतं, म्हणून फेस मंदावताच भाग काढून धुवायचे. फेस बघत राहिलो. पाणी तापताना ब्लॅकची निम्मी हवा उडून गेली होती, चुन्यात अडकलेली उरलेली निम्मी आता बुडबुड्यांनी सुटत होती. कणी शेवटी टाकली. ती मिनिटभर तरंगल्यासारखी हलली आणि दिसेनाशी झाली.

नवी रबरी कडी बसवून यंत्र जोडलं. धार पडली. आता टाकीत फिल्टरच्या जगमधलं पाणी जातं. चहाच्या केटलला मात्र नळाचंच, आणि तिचा तळ पुन्हा पांढरा दिसायला लागलाय.